सॅम्युएल कोल्ट: फसलेलं व्हर्जन १, एका युझरचं पत्र आणि रिव्हॉल्वरची गोष्ट

नवीन फोन हातात आला की पहिल्या तासात आपण काय करतो? कव्हर घालतो, ग्लास लावतो, वॉलपेपर बदलतो, नको ती ॲप्स काढून टाकतो. फोन कंपनीने बनवलेला असतो, पण तो 'आपला' होतो तो या बदलांमुळे.

अमेरिका-युरोपात हौसेने टार्गेट शूटिंग करणारी मंडळी नवीन रिव्हॉल्वर घेतल्यावर नेमकं हेच करतात. साइट बदलून घे, हाताच्या मापाची ग्रिप बसव, ट्रिगर हलका करून घे. ही सवय आजची नाही, पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. आणि तिची गोष्ट सांगायची तर सॅम्युएल कोल्ट या माणसापासून सुरुवात करावी लागते. याचं पहिलं प्रॉडक्ट सपशेल आपटलं, कंपनी बंद पडली, आणि मग एका युझरने सांगितलेल्या बदलांमुळे तो पुन्हा उभा राहिला. पुढे मात्र हाच माणूस इतरांचं ऐकेनासा झाला. चला, सुरुवातीपासून बघूया.

तळ्यात स्फोट करणारा पोरगा

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावचा. आई तो लहान असतानाच क्षयाने गेली. वडिलांचा धंदा कधी वर तर कधी खाली. अकराव्या वर्षी पोराला ग्लॅस्टनबरी गावातल्या एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवलं. तिथे त्याच्या हाती विज्ञानाची माहिती देणारं एक जाडजूड पुस्तक लागलं आणि वीज, बंदुकीची दारू असल्या विषयांनी त्याच्या डोक्यात घर केलं.

१८२९ च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने वेअर गावच्या तळ्यात एक प्रयोग केला. पाण्याखाली दारू ठेवायची, तिथपर्यंत तार न्यायची, काठावरून विजेची ठिणगी द्यायची आणि तळ्यातला तराफा उडवायचा. स्फोट झाला, पण बघायला आलेली नटूनथटून उभी असलेली मंडळी चिखलाने माखली. चिडलेल्या गर्दीपासून या चौदा वर्षांच्या पोराला एलायशा रूट नावाच्या एका तरुण मेकॅनिकने वाचवलं, असं सांगतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

कलकत्त्याचं जहाज आणि लाकडी मॉडेल

पुढच्याच वर्षी शाळेत असले उद्योग करताना आग लागली आणि शाळा सुटली. वडिलांनी त्याला 'कॉर्वो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढवून दिलं. जहाज निघालं होतं आपल्या कलकत्त्याला.

प्रसिद्ध गोष्ट अशी, की या प्रवासात जहाजाचं सुकाणूचं चाक फिरताना आणि ठराविक जागी अडकताना बघून त्याला कल्पना सुचली आणि त्याने लाकूड कोरून रिव्हॉल्वरचं मॉडेल बनवलं. चाकाची गोष्ट किती खरी हे सोडून देऊ. पण एक मुद्दा महत्त्वाचा आहे. फिरणाऱ्या सिलिंडरची बंदूक ही कोल्टची कल्पना नव्हेच. एलायशा कोलियर या अमेरिकन माणसाने तशा बंदुकीचं ब्रिटिश पेटंट १८१८ मध्येच घेतलं होतं, आणि कोलियरच्या बंदुका भारतातल्या इंग्रज फौजेपर्यंत पोचल्याही होत्या. मग कोल्टने नवीन काय केलं? ते समजायला आतली रचना बघावी लागेल.

आतली रचना, अगदी सोप्या भाषेत

आपल्याकडे दिवाळीत पोरं टिकल्यांची बंदूक उडवतात, ती आठवा. मागचा घोडा, म्हणजे हॅमर, टिकलीवर आपटतो आणि टिकली फुटते. कोल्टच्या काळातल्या बंदुकीतही जवळपास हेच होतं. फक्त टिकलीच्या जागी तांब्याची छोटी टोपी असायची. ती फुटली की तिची ठिणगी बारीक भोकातून आत जाऊन दारू पेटवायची, आणि दारूच्या जोराने शिशाची गोळी नळीतून बाहेर पडायची.

साध्या पिस्तुलात हे एकदाच व्हायचं. मग नळीत पुन्हा दारू भरा, गोळी ठासा, टोपी बसवा. उत्तम सराव असलेल्या माणसालाही यात बराच वेळ जायचा. रिव्हॉल्वरमध्ये पाच-सहा खणांचं सिलिंडर असतं आणि प्रत्येक खण आधीच भरलेला असतो. पण कोलियरच्या बहुतेक बंदुकांमध्ये दर वेळी सिलिंडर हाताने फिरवावं लागे.

कोल्टने दोन कामं एकाच हालचालीत बांधली. अंगठ्याने हॅमर मागे ओढला की त्याला जोडलेला एक छोटा दांडा सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलतो आणि सिलिंडर एक घर पुढे सरकतं. सहा खण असतील तर बरोबर ६० अंश. त्याच क्षणी खालून एक खिट्टी वर येते आणि सिलिंडरला नळीच्या रेषेत घट्ट अडकवते. खण आणि नळी एका रेषेत आली नाहीत तर गोळी कडेला घासते, नेम तर चुकतोच, वर धोकाही होतो. म्हणून ही खिट्टी म्हणजे त्या पेटंटचा आत्मा. हॅमर ओढणं, सिलिंडर फिरणं, लॉक होणं, सगळं एका अंगठ्यात.

फंडिंग कुठून आलं? हसवणाऱ्या गॅसमधून!

घरी आल्यावर वडिलांनी नमुना बनवायला थोडे पैसे दिले. पण पहिल्या नमुन्यांपैकी पिस्तूल चाचणीतच फुटलं. चांगला कारागीर हवा, कारागिराला पैसे हवेत. तेव्हा आजच्यासारखे गुंतवणूकदार शोधायला पिच डेक नव्हते. कोल्टने भलताच मार्ग काढला. तो स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचा नामांकित डॉक्टर म्हणवून गावोगाव फिरला आणि लोकांना नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा गॅस, हुंगवण्याचे शो केले. आडनावाचं स्पेलिंगही जरा भारदस्त करून घेतलं. कलकत्त्याचा उपयोग झाला तो असा!

त्या पैशातून बाल्टिमोरच्या जॉन पियर्सन या बंदूक कारागिराकडून त्याने नमुने बनवून घेतले. १८३५ मध्ये इंग्लंडचं पेटंट मिळालं आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं. वय फक्त २१.

व्हर्जन १: पॅटरसन

१८३६ मध्येच न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी कंपनी सुरू झाली. पाच गोळ्यांचं ते मॉडेल आज त्या गावाच्याच नावाने ओळखलं जातं. दिसायला देखणं. ट्रिगर तर आत लपलेला, हॅमर ओढला की खाली उघडायचा. डेमोला लोक थक्क व्हायचे.

पण डेमो वेगळा आणि रोजचा वापर वेगळा, हे आपल्याला फोनच्या बाबतीत चांगलं माहीत आहे. सुरुवातीच्या पॅटरसनमध्ये पुन्हा गोळ्या भरायच्या तर नळी काढून बंदुकीचे भाग वेगळे करावे लागत. म्हणून बॉक्समध्ये जादा सिलिंडर मिळायचं. जुन्या फोनमध्ये आपण एक चार्ज केलेली बॅटरी खिशात ठेवायचो ना, तसं. पण घोड्यावर बसून, समोरून हल्ला होत असताना सुटे भाग सांभाळणार कोण? खाली पडला एखादा की संपलं. आतले भाग नाजूक, किंमत जास्त, सैन्याच्या अधिकाऱ्यांना ही भानगड नकोशी. १८३९ मध्ये नळीखाली गोळी ठासायचा दांडा बसवलेलं सुधारित मॉडेल आलं, पण तोवर उशीर झाला होता. १८४२ मध्ये कंपनी बुडाली.

कोल्ट मग पाण्याखालचे सुरुंग आणि टेलिग्राफच्या पाण्यात टिकणाऱ्या तारा यांच्या मागे लागला. टेलिग्राफवाला सॅम्युएल मोर्स त्याच्या ओळखीचा होता. १८४४ मध्ये त्याने वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत एक जहाज विजेच्या तारेने उडवून दाखवलं. तळ्यातल्या तराफ्याचीच मोठी आवृत्ती. सरकारने टाळ्या वाजवल्या, ऑर्डर दिली नाही.

एका युझरचं पत्र

इकडे बुडालेल्या कंपनीचा माल मात्र दूर टेक्सासमध्ये वापरात होता. टेक्सास तेव्हा वेगळा देश होता. त्यांच्या नौदलाने १८३९ मध्ये घेतलेल्या पॅटरसन पुढे टेक्सास रेंजर्स या घोडेस्वार दलाच्या हाती आल्या. जून १८४४ मध्ये जॅक हेज याच्या सुमारे १५ रेंजर्सनी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त कोमांची योद्ध्यांशी लढाई केली आणि रिव्हॉल्वरच्या जोरावर ती जिंकली. त्या लढाईत भाल्याने जबर जखमी झालेला एक रेंजर होता सॅम्युएल वॉकर.

दोन वर्षांनी मेक्सिकोशी युद्ध पेटलं. वॉकर अमेरिकन सैन्यात कॅप्टन झाला आणि माणसं जमवायला पूर्वेकडे आला. हे कळताच कोल्टने त्याला पत्र टाकलं: माझी बंदूक वापरून काय अनुभव आला? वॉकरने उत्तर लिहिलं. लढाईतला फायदा मनापासून सांगितला, आणि सुधारणेला जागा आहे हेही सांगितलं.

मग दोघे बसले आणि बदलांची यादी तयार झाली. पाचऐवजी सहा गोळ्या. कॅलिबर मोठं, ०.४४ इंच. लपणारा ट्रिगर बंद, त्याऐवजी साधा मजबूत ट्रिगर आणि बाहेर संरक्षक कडी. गोळी ठासायचा दांडा नळीखाली कायमचा बसवलेला, म्हणजे बंदूक न खोलता भरता येईल. भाग कमी आणि दणकट. शोभेचं एकही फीचर नाही. यातली प्रत्येक ओळ अशा माणसाच्या गरजेतून आलेली, ज्याचा जीव त्या वस्तूवर अवलंबून होता.

जानेवारी १८४७ मध्ये सरकारने १,००० नगांची ऑर्डर दिली. गंमत म्हणजे कोल्टकडे कारखानाच नव्हता! त्याने एलाय व्हिटनी ज्युनिअरच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या मशीनवाल्या व्हिटनीच्या मुलाच्या, कारखान्यात त्या बनवून घेतल्या.

'वॉकर कोल्ट' हा राक्षस होता. वजन २ किलोच्या वर, नळी ९ इंची. आणि त्यातही बग होतेच. खूप दारू भरल्यामुळे काही सिलिंडर फुटली. गोळी झाडल्याच्या धक्क्याने नळीखालचा दांडा खाली लोंबायचा आणि बंदूक अडकायची. स्वार तो चामड्याच्या वादीने बांधून ठेवायचे. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ड्रॅगून' मॉडेलमध्ये सिलिंडर आखूड केलं, नळी साडेसात इंचांवर आणली आणि दांड्याला खटका बसवला. म्हणजे बग रिपोर्ट आला, पॅच निघाला.

वॉकरला मात्र हे अपडेट बघायला मिळालं नाही. ९ ऑक्टोबर १८४७ ला मेक्सिकोतल्या वामांत्ला इथल्या लढाईत तो मारला गेला. वय जेमतेम तिशीचं.

तुमच्या आवडीचं मॉडेल निवडा

यानंतर कोल्टची गाडी सुसाट सुटली. हार्टफर्डला स्वतःचा कारखाना आला. १८४९ मध्ये त्याने कारखान्याची सूत्रं कुणाला दिली माहितीये? एलायशा रूटला, त्याच तळ्याकाठच्या मेकॅनिकला. रूटने एकेका कामासाठी एकेक मशीन उभं केलं.

आता गिऱ्हाइकाला निवड मिळू लागली. सोन्यासाठी कॅलिफोर्नियाला धावणाऱ्यांसाठी १८४९ चं छोटं 'पॉकेट' मॉडेल आलं. त्याची नळी ३ ते ६ इंचांपर्यंत हवी तेवढी निवडता यायची. या एका मॉडेलचे तीन लाखांहून जास्त नग बनले. १८५१ चं 'नेव्ही' मॉडेल मधल्या आकाराचं, ०.३६ कॅलिबरचं, हातात तोलायला सुरेख. मखमली अस्तराच्या लाकडी पेटीत दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, पाना असा सगळा सेट मिळायचा. ज्याच्या खिशात पैसे त्याला हस्तिदंती मुठी आणि गुस्ताव्ह यंगसारख्या कारागिराचं नक्षीकाम. रशियाचा झार आणि तुर्कस्तानचा सुलतान यांना सोन्याची नक्षी केलेले नग भेट गेले. आज कंपन्या सेलिब्रिटींना फोन भेट देतात, तीच युक्ती.

साध्या गिऱ्हाइकालाही काहीतरी मिळायचंच. प्रत्येक सिलिंडरवर रोलरने एक चित्र उमटवलेलं असायचं. नेव्हीवर टेक्सासच्या नौदलाची लढाई, पॉकेटवर घोडागाडीवरचा दरोडा. डिफॉल्ट वॉलपेपर म्हणा हवं तर. पण याचा उपयोग नक्कल ओळखायलाही व्हायचा.

१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात कोल्टने स्टॉल मांडला. तिथल्या इंजिनिअर्सच्या संस्थेत त्याने मशीनने बंदुका बनवण्यावर निबंध वाचला आणि त्याला टेल्फर्ड पदक मिळालं. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत बसतो, हा त्याचा मोठा दावा होता. पण खरं सांगायचं तर तो पूर्ण खरा नव्हता. शेवटचं घासणं-बसवणं माणसांच्याच हाताने व्हायचं, आणि म्हणूनच एकाच बंदुकीच्या महत्त्वाच्या भागांवर तोच सीरियल नंबर ठोकलेला असे, भाग आपापल्या जोडीदारांपासून हरवू नयेत म्हणून. तरीही दिशा बरोबर होती. आज आपण फोनची स्क्रीन सहज बदलतो, त्या रस्त्यावरचं हे सुरुवातीचं वळण.

इथे त्याने ऐकणं सोडलं

१८५१ मध्येच लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने वेगळं रिव्हॉल्वर आणलं. त्यात दोन गोष्टी नव्या. एक, नुसता ट्रिगर ओढला तरी हॅमर आपोआप मागे जाऊन आपटायचा. दोन, नळी आणि फ्रेम एकाच अखंड लोखंडाची, सिलिंडरच्या वरूनही पट्टी गेलेली. कोल्टची फ्रेम वरून उघडी होती आणि नळी एका पाचरीने अडकवलेली. कोल्ट आपल्याच रचनेला चिकटून राहिला. पुढे ब्रिटिश सैन्याने ॲडम्सची सुधारित बंदूक स्वीकारली आणि कोल्टचा लंडनमधला कारखाना १८५३ ते १८५६ एवढाच चालला.

दुसरी चूक जास्त महागात पडली. कोल्टकडे पूर्वी काम केलेल्या रोलिन व्हाइटने १८५५ मध्ये आरपार भोकांच्या सिलिंडरचं पेटंट घेतलं. म्हणजे दारू, गोळी, टोपी एकत्र असलेलं तयार काडतूस मागून सरकवता येईल. हे पेटंट वापरायचा हक्क घेतला स्मिथ अँड वेसनने. १८५७ मध्ये कोल्टचं पेटंट संपलं आणि त्याच वर्षी त्यांचं काडतुसाचं रिव्हॉल्वर बाजारात आलं. व्हाइटचं पेटंट १८६९ पर्यंत टिकलं, तोवर कोल्ट कंपनीला काडतुसांच्या बाजारात मोकळेपणाने उतरता आलं नाही. जो माणूस पेटंटच्या कोर्टकज्ज्यांनी इतरांना अडवायचा, त्याचीच कंपनी पेटंटने अडली.

रेंजवर आज काय दिसतं?

गंमत म्हणजे हा जुना वाद आजही रेंजवर रोज खेळला जातो. इटलीतल्या कंपन्या कोल्टच्या जुन्या मॉडेलांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवतात आणि युरोप-अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या बंदुकांच्या, २५ मीटरवरून नेम धरायच्या स्पर्धा होतात.

१८५१ नेव्हीची प्रतिकृती घेणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो हा, की मागची साइट म्हणजे हॅमरच्या डोक्यावरची एक खाच! आणि नेम लांबच्या अंतरासाठी लावलेला, त्यामुळे २५ मीटरवर गोळी वर लागते. उपाय? पुढची साइट उंच बसवायची. मग ट्रिगरचे भाग घासून गुळगुळीत करायचे, टोप्या बसतात ती नळकांडी चांगल्या दर्जाची घालायची, आणि एका खणाची ठिणगी शेजारच्या खणात जाऊ नये म्हणून गोळीवर ग्रीस किंवा खाली तेलकट फेल्टची चकती ठेवायची. दारूही सावकाश, मोजून आणि कमी. रेंजवर जोर नको असतो, प्रत्येक वेळी सारखेपणा हवा असतो.

पण गंभीरपणे स्पर्धा खेळणारे अनेक जण कोल्टऐवजी त्याच काळातल्या रेमिंग्टनची प्रतिकृती निवडतात. कारण? अखंड फ्रेम. वरच्या पट्टीमुळे नळी हलत नाही आणि मागची साइट पक्की बसते. ॲडम्सचा मुद्दा बरोबर होता, हे कागदी टार्गेट अजून सांगतंय.

आपल्याकडे हे प्रयोग करायचे म्हणू नका हं. भारतात अशा बंदुकीला शस्त्र परवाना लागतो आणि त्यात परस्पर फेरफार करणं गुन्हा ठरू शकतो. नेमबाजी शिकायची असेल तर क्लबमध्ये, कोचसमोर, एअर पिस्तुलाने सुरुवात करा.

हिशोबाची दुसरी बाजू

कोल्टचं कौतुक करताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. ज्या लढाईने त्याचं नाव झालं, ती कोमांची लोकांच्या भूमीवरची लढाई होती, आणि त्यांनी ती भूमी पुढे गमावली. अमेरिकेत यादवी युद्धाचे ढग जमले तेव्हा त्याने उत्तरेला माल विकला आणि दक्षिणेलाही, अगदी एप्रिल १८६१ मध्ये तोफा धडाडेपर्यंत. गिऱ्हाईक कोण आणि वस्तू कशासाठी, हा प्रश्न त्याने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. आपण जे टूल बनवतो ते कुणावर वापरलं जाईल, हा प्रश्न आज कोड लिहिणाऱ्यांनाही चुकलेला नाही.

१० जानेवारी १८६२ ला वयाच्या ४७ व्या वर्षी कोल्ट गेला, देशातल्या सर्वांत श्रीमंत लोकांपैकी एक म्हणून. दोन वर्षांनी कारखान्याचा मोठा भाग जळाला. पत्नी एलिझाबेथने तो पुन्हा उभा केला आणि १९०१ पर्यंत कंपनी कुटुंबाकडे ठेवली. वेस्टर्न सिनेमांत दिसणारं प्रसिद्ध काडतुसाचं कोल्ट आलं १८७३ मध्ये, म्हणजे कोल्टच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी. त्याने ते कधी पाहिलंच नाही.

कोल्टच्या हयातीत त्याच्या रिव्हॉल्वरमध्ये झालेला सर्वांत मोठा बदल त्याच्या वर्कशॉपमध्ये सुचलेला नव्हता. तो भाल्याची जखम अंगावर घेऊन आलेल्या एका युझरने सांगितला होता, आणि कोल्टने तेव्हा तो ऐकला. पैसा, पेटंट, पदक सगळं मिळाल्यावर त्याने ऐकणं कमी केलं, आणि पुढची पायरी दुसऱ्या कंपनीने गाठली. तेव्हा एखाद्या ॲपमध्ये फीडबॅकचं बटण दिसलं तर दोन ओळी नक्की लिहा. समोर कुणी वाचणारा असेल, तर पुढचं व्हर्जन तुमच्या यादीतून निघू शकतं.